कासरा तर म्हशीच्या गळ्यात होता

पोहायला शिकायच्या पहिल्याच दिवशी मी तेलाचा रिकामा कॅन पाठीऐवजी पोटाला बांधला होता. ही कबुली आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं वाचताना 'बाई शहाणी दिसते, सांगतेय ते खरंच असेल' असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

आमच्याकडे पोरं विहिरीत शिकतात ती पाठीला पांगाऱ्याचं वाळकं लाकूड नाहीतर डबा बांधून. पिढ्यान् पिढ्या पाठीलाच. पण मी तेव्हा तरुण होते, अठ्ठावन्न वर्षांची. नुकतीच रिटायर झालेली, आणि डोक्यात यूट्यूबचे व्हिडिओ गच्च भरलेले. माझा तर्क असा, की माणूस बुडतो तो पोटाच्या वजनाने; आणि माझं पोट म्हणजे... असो. तेव्हा आधार पोटालाच हवा. अंगात नवऱ्याचा जुना टी-शर्ट, खाली ट्रॅक पॅन्ट, पोटावर पाच लिटरचा कॅन, अशा थाटात मी पायऱ्या उतरले आणि दिलं झोकून. कॅन वर आला. त्याच्याबरोबर पोट वर आलं. मी गर्रकन उताणी! तोंड आभाळाकडे, हातपाय हवेत, आणि काही केल्या पालथं होता येईना. बुडत नव्हते हो, तो प्रश्नच नव्हता. पण अब्रू म्हणून काही असते की नाही?

"आवं अक्का," पायरीवर बसलेली माझी धाकटी जाऊ सुमन हसून हसून लोळायची तेवढी बाकी होती, "औषध मारल्यालं झुरळ दिसताय वो!"

तर ही मी. आता मुद्द्याचं.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि हे लिहितानाही फारसा बसलेला नाही. या सदरातले अनुभव मी दुपारच्या चहाबरोबर चवीने वाचते. निर्जन रस्ता, मध्यरात्र, पांढऱ्या साडीतली बाई... मला दर वेळी एकच प्रश्न पडतो, की एवढ्या बायकांच्या एवढ्या पांढऱ्या साड्यांना इस्त्री कोण करतं? माझा अनुभव त्या जातीचा नाही. तो सकाळच्या लख्ख उन्हातला आहे आणि त्यात कुणीही साडी नेसलेलं नाही. घडलं तसं लिहिते. काय समजायचं ते तुम्ही समजा.

माझी सगळी नोकरी साताऱ्यात, एका शाळेच्या ऑफिसात गेली. मिस्टर सैन्यातून सुभेदार होऊन आलेले. मी रिटायर झाल्यावर आम्ही दोघं त्यांच्या गावी राहायला आलो. गाव सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं, कृष्णेच्या अगदी काठावरचं. चहूकडे ऊस. घरात आम्ही दोघं आणि सुमन. तिचा नवरा, म्हणजे माझा धाकटा दीर, सोनं गाळायच्या दुकानात तिकडे दक्षिणेत असतो, दिवाळीला येतो. सुमन गावात ब्यूटी पार्लर चालवते. नवऱ्या मुलींच्या भुवया कोरता कोरता त्यांच्या सासवांची माहिती काढून घेणं हा तिचा जोडधंदा. आवाज असा, की तिला फोनची गरजच नाही. आणि पोहणं... माहेर नदीकाठचं, त्यामुळे बाई पाण्यात पडली की मासाच.

मी मात्र माण तालुक्यातली. आमच्या लहानपणी पाणी ही घागरीत मावणारी वस्तू होती. त्यात माणूस बुडू शकतो हे मला लग्नानंतर कळलं.

रिटायर होऊन आले त्याच पावसाळ्यात नदी गावात शिरली. खालच्या खोल्या गेल्या, आम्ही स्लॅबवर. होडी आली. आता सांगायला लाज वाटते, पण मी होडीत बसलेच नाही. पाण्याच्या टाकीच्या पाइपाला जी मिठी मारली ती सोडेचना. मी बसत नाही म्हणून सुभेदार बसेनात. सुमन बसली होती, ती उतरून परत वर आली. होडी गेली, पुन्हा आली, मी तशीच. होडीतले जवान सुभेदारांना 'साब, मॅडम को समझाइए' म्हणतायत आणि साब पाण्याकडे बघून घाम पुसतायत, कारण पोहता त्यांनाही येत नाही. त्यांची सगळी नोकरी राजस्थानात गेली. शेवटी दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर टॉवेल बांधून, सतरंजीत गुंडाळून मला होडीत ठेवलं. बसवलं नाही, ठेवलं.

घर धुऊन झाल्यावर सुमन माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"अक्का, तुमच्यापायी तिगं अडाकली. पुढल्या टायमाला पानी वाडलं की मी थांबनार न्हाई. आदीच सांगते."

"मग मी काय करू गं?"

"पवाया शिका. पान्याची भीती पान्यातच जाती."

"तू शिकव मग."

तिने आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "शिकवते. पर जमिनीची वाटनी अजून व्हायची हाय, ठावं हाय न्हवं? हिरीत तुमास्नी काय झालं तर गाव काय म्हनंल? धाकटीनं थोरलीला बुडीवली. सुभेदारदादा मला उंबऱ्याच्या आत घ्यायचं न्हाईत, आन् माजा नवरा तिकडनं परत यायचा न्हाई."

हे तिने हसत हसत सांगितलं, पण ते खरं होतं. म्हणून तिने एक अट घातली. ती 'सोडा' म्हणेपर्यंत माझ्या कमरेला कासरा. गुरं बांधायचा तो लांब दोर. एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तिच्या हातात.

विहीर घरामागे, उसाच्या दोन वावरांपलीकडे. जुनी, दगडी, गोल, तोंडाला चांगली रुंद. उत्तरेच्या अंगाने पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात. बरोबर समोर, दक्षिणेच्या काठावर, मोटरची पत्र्याची शेड. तिथून काळा पाइप आणि त्याला बांधलेली केबल भिंतीला धरून पाण्यात जाते. पाणबुडी मोटर, खाली तळाशी. थंडी सरल्यावर, सकाळी धारा काढून झाल्या की आम्ही दोघी जायचो.

कॅनचा किस्सा सांगितलाच. दुसऱ्या दिवसापासून तो पाठीवर गेला. आधी नुसतं पायरी धरून पाय मारणं. मग कॅन आणि कासरा. मग कॅन गेला, नुसता कासरा. सुमन पायरीवर बसून दोर धरायची आणि वरून ओरडायची, "मान वर कशाला? वर काय पिच्चर लागलाय? पाय मारा, पाय!" मी लांब जायला लागले की दोन हलके हिसके द्यायची आणि मग एकसारखी, सावकाश ओढ. त्याचा अर्थ, परत फिरा. कासऱ्याची गाठ ती नेहमी मागे बांधायची, मणक्याच्या जरा डाव्या बाजूला. पुढे असली तर पोटाला टोचते म्हणे. त्या दोन हिसक्यांची मला इतकी सवय झाली, की घरात भाकरी थापताना मागून कुणी पदराला धक्का दिला तरी मी वळायची.

आणि काय सांगू, एक दिवस मी तरंगले! माझं मलाच खरं वाटेना. वाण्याचं दुकान, देऊळ, दूध संकलन... ज्याला त्याला मी सांगत सुटले. एवढी तर मी मुलगा झाला तेव्हाही मिरवले नव्हते. सुमनने कासरा सोडला. चांगला दोर फुकट जायला नको म्हणून तो म्हशीकडे गेला, तिला बांधावर लांब बांधून चारायला.

ज्या दिवसाचं सांगायचंय, त्या दिवशी माझी परीक्षा होती. पायरीवरून समोरच्या भिंतीपर्यंत जायचं, दम खायचा, परत यायचं. मधे कुणाला हात लावायचा नाही. "ह्ये जमलं तर पुढच्या पुरात होडीत फुडच्या फळीवर बसशिला," सुमन म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शेतीची लाईट आमच्याकडे पाळीने येते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री उठून कोण जाणार, म्हणून सगळ्यांच्या स्टार्टरला 'ऑटो' बसवलेला असतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू. विहिरीत उतरायच्या आधी शेडमध्ये जाऊन ऑटो काढायचा, हा सुमनचा नियम. पण तो आठवडा रात्रीच्या लाईटचा होता. दिवसा वीजच नाही म्हटल्यावर ऑटो कशाला बघायचा? हे तुम्हाला वेडेपणाचं वाटेल, पण आमच्या भागात पन्नासातले पन्नास लोक असंच करतील. पाळीवर आमचा देवाइतका भरवसा. पाळी मधेच बदलल्याचा मेसेज आला होता, हे नंतर कळलं. सुभेदारांच्या फोनमध्ये तो ढीगभर 'शुभ सकाळ'च्या खाली पडला होता.

मी निघाले. सुमन पाण्यातच होती, मधोमध, आरामात हातपाय हलवत. मी तिच्या शेजारून गेले, धापा टाकत, पण गेले. समोरच्या भिंतीचा एक दगड जरा पुढे आलेला आहे, तो धरला. पाइप अगदी हाताशी. ऊन पाण्यावर आलं होतं. मला वाटलं, माणदेशातल्या आमच्या आईने आत्ता बघायला हवं होतं.

आणि कमरेला कासरा आवळला.

मला दुसरा शब्द माहीत नाही. आवळला. ओल्या दोराचा खरखरीतपणा टी-शर्टातून कळला. मागे, डाव्या बाजूला गाठ. मग दोन हलके हिसके. परत फिरा.

मी घाबरले नाही, हे मला आजही नवल वाटतं. मी चिडले. परीक्षा माझी, आणि ही बाई मधेच लुडबुड करतेय.

"सुमे, ओढू नकोस गं! दम तर खाऊ दे!"

"कोन वढतंय?" सुमन ओरडली. मी मान वळवून पाहिलं. ती मधोमध होती, तिचे दोन्ही हात पाण्याबाहेर होते, आणि पायरीवर कुणीच नव्हतं.

मग ती एकसारखी ओढ आली. सुमनची असायची तशीच सावकाश, पण थांबेना. दगड हातातून सुटला. मी उताणी पडले आणि पायरीच्या दिशेने मागे मागे जायला लागले. हात मारत नव्हते, पाय मारत नव्हते. तोंडावरून पाणी जात होतं, डोळ्यांपुढे नुसता उन्हाचा पांढरा गोळा. किती वेळ, ते सांगता येणार नाही. पाठीला पायरी लागली, मी बसते झाले, आणि कमर मोकळी झाली.

माझ्या पाठोपाठ सुमनही पायरीवर आली. ठसकत, खोकत, डोळे लाल.

"बुडताय वाटलं म्हून आले," एवढंच म्हणाली.

मी तिला झापायला तोंड उघडलं. तेवढ्यात वर शेडमध्ये खट् असा आवाज झाला. लाईट आली होती, ऑटोने स्टार्टर लागला होता. मोटर घुमली. आम्ही दोघी पायरीवर, पाय वर घेतलेले, पाणी आमच्यापासून वीतभर खाली. आणि त्या पाण्यातून एक बेडूक उभा उडाला, पडला, पुन्हा हलला नाही. मग छोटे छोटे मासे वर यायला लागले, पोटं वर करून. समोरच्या भिंतीकडून सुरुवात झाली.

सुमनने माझं मनगट धरलं, वर चढेपर्यंत सोडलं नाही. मग लाकडी दांड्याने मेन स्विच पाडला.

मोटरवाला दुपारी आला. केबल पाइपाला घासून घासून सोलली होती, तार उघडी पडली होती. मी धरला होता त्या दगडापासून हातभर अंतरावर. तो म्हणाला, दोघी वाचल्या नसत्या. सुमन ते ऐकून आत गेली आणि पार्लरला दोन दिवस कुलूप.

रात्री झोपताना मी कमर पाहिली. वळ होता. तुम्ही म्हणाल नाडीचा. मीही तेच म्हटलं, ट्रॅक पॅन्टची नाडी मी करकचून बांधते, पाण्यात पॅन्ट सुटण्यापेक्षा वळ बरा. फक्त नाडीची गाठ पुढे असते. वळातली गाठ मागे होती, डावीकडे. सुमनला दाखवली, तिने बोट लावून पाहिलं आणि टी-शर्ट खाली ओढला. कासरा कुठे होता, हेही मी जाऊन बघून आले. म्हशीच्या गळ्यात, कोरडा ठणठणीत. म्हशीने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच तिला उत्तर द्यायला हवं होतं.

गावाचं म्हणणं, आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या देवतांनी, वाचवलं. विहिरीच्या कोनाड्यात त्यांचे हळद लावलेले दगड आहेत. असतील बापड्या. पण आसरा माणसाला आत ओढतात असंच मी ऐकत आले. बाहेर काढायचं खातं त्यांच्याकडे कधी आलं? सुभेदार म्हणाले, 'सिक्स्थ सेन्स. सरहद्दीवर होतं असं.' इस्लामपूरच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की इतके दिवस कमरेला दोर होता, शरीर ती आठवण ठेवतं. हे मला पटतं. खरंच पटतं. पण आठवण माणसाला उताणं करून विहीरभर ओढत नेते का, हे विचारल्यावर त्यांनी बीपी तपासलं. ते नॉर्मल होतं.

मी स्वतः तेव्हा सगळ्यांना ठणकावून सांगितलं, की पाण्यात भोवरा आला असेल. विहिरीत, मोटर बंद असताना, भोवरा! शहाणपणाची हौस फार होती हो मला.

केबल बदलली, पाणी उपसलं, नवीन भरलं. ऑटोपाशी सुमनने लाल रंगाने मोठी फुली मारली. मग आम्ही परत उतरलो. पहिल्या दिवशी मी हातातली पायरी सोडली नाही, पण तेव्हा थांबले असते तर पुन्हा कधीच उतरले नसते. कमरेला काही जाणवतंय का याची मी बरेच दिवस वाट पाहिली. काही नाही. त्या दिवसानंतर आजपर्यंत काही नाही. भिंतीपर्यंत जाऊन परत यायला मात्र लागले, आणि उन्हाळा संपेपर्यंत सुमनच्या बरोबरीने चार चकराही मारू लागले.

पुढच्या पावसाळ्यात नदी पुन्हा गावात आली. पहिल्यापेक्षा कमी, पण होडी लागलीच. स्लॅबच्या कडेला होडी टेकली तशी मी चप्पल पिशवीत टाकली आणि सगळ्यांच्या आधी उतरले. पुढच्या फळीवर बसले. सुभेदार नारिंगी जाकिटात माझ्या मागे, दोन्ही हातांनी होडीची कड धरून, डोळे मिटून. सुमन माझ्या शेजारी. गल्लीतून होडी निघाली, दोन्ही बाजूंना ओळखीच्या घरांच्या अर्ध्या खिडक्या, पाणी चहाच्या रंगाचं. मला भीती वाटली नाही असं नाही. पण होती ती भीती माझी एकटीची होती, माझ्यासाठी कुणी मागे थांबलेलं नव्हतं.

एवढं सगळं सांगून शेवटी उत्तर काय, तर माझ्याकडे नाही. सहा वर्षं होत आली. डॉक्टरांची आठवण, सुभेदारांचा सेन्स, गावाच्या आसरा, माझा भोवरा, सगळं फिरून फिरून पाहिलं. कशातच ती गाठ बसत नाही. त्यात होडीतल्या त्या दिवसाने आणखी भर घातली, म्हणून ते जसंच्या तसं लिहून थांबते.

मी सुमनला म्हटलं, "सुमे, तेव्हा माझ्यामागे पोहत आलीस म्हणून तू वाचलीस हो. मी बुडतेय असं तुला वाटलं नसतं तर तू मधेच राहिली असतीस."

तिने मागे वळून सुभेदारांचे डोळे मिटलेले आहेत ना ते पाहिलं. मग सुभेदारांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात, म्हणाली:

"अक्का, हसनार नसला तर सांगते. तुमच्या मागनं मी पवत आलेच न्हवते. तुमी उलट्या चालल्या तवा मी मधीच थांबून हसत हुते. मग कुनीतरी माजी येनी धरली, घट्ट, लय दुकलं... आन् पायरीवर आल्यावरच सोडली."